मास्तरकीची सनद आणि लोहाराची ऐरण

पेरणी आटोपून शेतकरी जरा टेकतो न टेकतो तोंच गांवोगांव एका नव्या जातीचे फिरस्ते दिसूं लागतात. पूर्वीं या दिवसांत कासार यायचा, कल्हईवाला यायचा, नंदीबैलवाला यायचा. आतां फटफटीवरून रंगीत कागद वाटणारे दलाल येतात. हे म्हैस विकत नाहींत, बियाणें विकत नाहींत. हे मास्तरकी विकतात. "पोरीचें बी. ए. झालें ना? मग बी. एड. ला घाला. फीची काळजी नको, हजेरीची काळजी नको, कर्जाचे कागद आम्हीच करून देतों. दोन वर्षांनीं पोरगी सरकारी पगारावर!" ओसरीवर बसून, आमचाच चहा पिऊन हें सांगतात. आणि आमचा भोळा शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार, साळी, ज्यानें पावशेर गूळ घेतांना सुद्धां तराजूचा कांटा डोळ्यांत तेल घालून पाहिलेला असतो, तो येथें मात्र कांटा पाहत नाहीं. दाखवाल तेथें सही करतो.

गेल्या पंधरवड्यांत असेच एक लोहारमामा आमच्या कचेरींत आले. मुलगी बी. ए. झालेली, तालुक्याच्या गांवीं एका झेरॉक्सच्या दुकानांत महिना सहा हजारांवर बसते. मामांनीं बंडीच्या खिशांतून चारपदरी घडीचा कागद काढला. वर्षाची शिक्षण फी ५५,०००. राहणें, खानावळ व एस. टी. मिळून ३७,०००, पुस्तकें, पाठांच्या वह्या, गणवेश, परीक्षा वगैरे ८,०००. म्हणजे वर्षाला एक लाख, दोन वर्षांचे दोन. त्याखालीं पेन्सिलीनें एक आंकडा होता, ४०,०००. त्यापुढें कांहींच लिहिलेलें नव्हतें. आम्ही विचारलें, "मामा, हें काय?" तर म्हणाले, "ते इमारतीसाठीं. त्याची पावती देत न्हाईत." दोन लाख बँक देणार, आणि हे चाळीस हजार उभे करण्यासाठीं मामा वेल्डिंगचें यंत्र आणि बापजाद्यांची ऐरण विकायला निघाले होते. गिऱ्हाईकसुद्धां ठरलें होतें.

पण जातां जातां मामांनीं आम्हांस एक प्रश्न विचारला. तो प्रश्न त्या दलालाला कोणी विचारला नव्हता, कॉलेजच्या कारकुनाला विचारला नव्हता, बँकेच्या साहेबाला विचारला नव्हता. मामा म्हणाले, "दादा, एवढें घातल्यावर पोरीला पगार किती पडंल, कवा पडंल, अन् न्हाईच पडला तर?"

बंधूंनो, आमच्या मतें शिक्षणशास्त्राच्या साऱ्या पुस्तकांपेक्षां हा प्रश्न मोठा आहे. त्याचें उत्तर आम्ही मामांच्या देखत कागदावर मांडलें, तेंच येथें छापतों.

दलाल जो पगार दाखवितो तो खोटा नसतो. खोटेपणा तो सांगत नाहीं त्यांत असतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणें माध्यमिक शाळेंतल्या बी. एड. शिक्षकाचें मूळ वेतन ३८,६०० पासून सुरू होतें आणि प्राथमिक शिक्षकाचें २९,२०० पासून. वर महागाई भत्ता, घरभाडें. एवढें ऐकलें कीं कोणाही गरिबाचे डोळे दिपतील. पण हा पगार पहिल्या दिवशीं मिळत नाहीं. २००० सालापासून या राज्यांत नव्या शिक्षकाला आधीं तीन वर्षें 'शिक्षणसेवक' म्हणून काढावीं लागतात. नांव मोठें गोड आहे. सेवक म्हटलें कीं पगार मागायची सोय राहत नाहीं, मानधन घ्यावयाचें! २०२२ अखेरपर्यंत हें मानधन प्राथमिकला सहा हजार आणि माध्यमिकला आठ हजार होतें. १ जानेवारी २०२३ पासून तें प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झालें. वाढ झाली हें आम्ही कबूल करतों. पण त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत सरकारनें जिल्हा परिषदांच्या रिकाम्या जागांवर सेवानिवृत्त गुरुजींना तात्पुरतें नेमावयाचें ठरविलें आणि त्यांस महिना २०,००० मानधन लावलें. पेन्शन घेणाऱ्या वृद्धाला त्याच शाळेंत, त्याच फळ्यापुढें वीस हजार. आणि बापाच्या डोक्यावर कर्ज ठेवून नुकत्याच सनद घेऊन आलेल्या पोराला सोळा. वृद्ध गुरुजींबद्दल आमचें कांहीं म्हणणें नाहीं. ज्यांनीं हे दोन आंकडे एकाच वर्षांत एकाच टेबलावर सही केले त्यांच्या हिशेबाबद्दल आहे. आणखी एक: १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांस जुनी पेन्शन नाहीं, तेव्हां आजोबांच्या वेळची मास्तरकी डोळ्यांपुढें धरून नातीचा प्रवेश करूं नये.

आतां "कवा पडंल" याचें उत्तर. मे २०१२ पासून या राज्यांत शिक्षकभरतीला सरकारनें कुलूप लावलें. तें काढून पवित्र नांवाचें पोर्टल २०१७ सालीं काढलें. भरतीसाठीं जी अभियोग्यता चाचणी लागते ती पहिली डिसेंबर २०१७ त, दुसरी २०२३ च्या आरंभीं, तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्यें. पहिली आणि दुसरी यांत पांच वर्षांचें अंतर! या पांच वर्षांत जीं पोरें सनद घेऊन बसलीं त्यांच्या कर्जाचें व्याज कांहीं थांबलें नाहीं. पोर्टल पवित्र असो कीं नसो, बँकेचें व्याज मोठें नेमाचें आहे, त्याला सुटी नाहीं. २०२३ च्या चाचणीला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले आणि पुढें २०२४ त जाहिरात निघाली ती सुमारे एकवीस हजार जागांची. म्हणजे दहा बैल आणि एक दावण. शिवाय पहिली ते आठवीच्या शाळेंत शिकवायचें तर शिक्षक पात्रता परीक्षा निराळी, जी महाराष्ट्रांत २०१३ पासून सुरू झाली आणि जींत शंभरांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पास होतात. कॉलेजांत दोन वर्षें पैसे भरून शिकविलें काय, असा प्रश्न या निकालावरून कोणीही विचारील. विचारणाऱ्यास उत्तर मिळत नाहीं, कारण नापास झालें तें पोर, कॉलेज नव्हे!

मग हे बाकीचे नऊ बैल कोठें जातात? ते खाजगी विनाअनुदानित शाळांत जातात, क्लासांत जातात, कोणी पतपेढीची वसुली करतो, कोणी दुसऱ्याच्या शेतावर पाणी धरतो. विनाअनुदानित शाळांत आमच्या ओळखीचीं मुलें-मुली महिना आठ-दहा हजारांवर राबतात, उन्हाळ्याच्या सुटीचा पगार नाहीं, आणि कित्येक ठिकाणीं सही मोठ्या आंकड्यावर करून हातीं लहान आंकडा येतो. खाजगी शाळांतल्या नोकरांसाठीं १९७७ सालचा कायदा आहे. तो कायदा दप्तरांत आहे आणि शिक्षक आझाद मैदानावर आहे. वीस टक्के अनुदान, चाळीस टक्के अनुदान असे घास मोजून मोजून वाढतां वाढतां कित्येकांचे केस पिकले.

आतां कर्जाचा हिशेब मांडूं. घरांतल्या शिकलेल्या पोराला हा परिच्छेद मोठ्यानें वाचायला सांगा. दोन वर्षांत लाख-लाख करून दोन लाख उचलले. व्याज दरसाल शेकडा ११ धरलें. शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण चालू असेपर्यंत आणि साधारण पुढें एक वर्ष लागत नाहीं. दलाल हेंच मोठ्यानें सांगतो. पण हप्ता लागत नाहीं म्हणजे व्याज लागत नाहीं असें नव्हे. पहिल्या लाखावर तीन वर्षांचे ३३,०००, दुसऱ्या लाखावर दोन वर्षांचे २२,०००. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधींच दोन लाखांचे दोन लाख पंचावन्न हजार झाले. तें सात वर्षांत फेडायचें तर महिना सुमारें ४,३७० रुपये. सात वर्षांचे मिळून तीन लाख सहासष्ट हजारांच्या वर. पोरगी शिक्षणसेवक लागली आणि तिला १८,००० मिळाले तर हप्ता जाऊन साडेतेरा हजार राहतात. त्यांत परजिल्ह्यांत खोलीभाडें, जेवण, जाणें-येणें. निभेल, ओढून-ताणून निभेल. पण ती नऊ बैलांतली निघाली आणि तिला नऊ हजार मिळाले, तर अर्धा पगार हप्त्यांत जातो. तेथें निभत नाहीं. तेथें हप्ता बापावर येतो, कारण कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून बापाचें नांव असतें. पोरगी सासरीं गेली तरी बापाचें नांव कागदावरून जात नाहीं. हप्ते थकले कीं त्याच बापाला पुढच्या हंगामांत पीककर्ज मागतांना बँकेंत मान खालीं घालावी लागते.

आणि त्या बिनपावतीच्या चाळीस हजारांचें काय? ते ज्यांना सावकाराकडून काढावे लागतात त्यांनीं ऐकावें: शेकडा तीन दरमहा व्याजानें महिना १,२०० रुपये नुसतें व्याज. तीन वर्षांत व्याजच त्रेचाळीस हजारांवर जातें आणि मुद्दल जागच्या जागीं राहतें.

एक खर्च मात्र कोणाच्याच कागदावर नसतो. मुलगी झेरॉक्सच्या दुकानांत सहा हजार मिळवीत होती; दोन वर्षांचे ते एक लाख चव्वेचाळीस हजार बुडाले. दोन लाख, चाळीस हजार आणि हे, मिळून तीन लाख चौऱ्यायशीं हजार, व्याज वेगळेंच. मामांनीं हा आंकडा ऐकला आणि टोपी काढून डोकें पुसलें.

येथपर्यंत वाचून कोणी पंडित म्हणतील, "अहो, शिक्षकाचा पेशा पवित्र! तेथें पैशाचा हिशेब कसला करतां? हें राष्ट्राचें काम." बरोबर आहे, पण हें पावित्र्य आम्हांस शिकविणारांचा पगार एक तारखेला खात्यावर पडतो. उपाशी पोटानें पावित्र्य सांगणारा एकही अजून आमच्या दृष्टीस पडला नाहीं. शिवाय पेसा पवित्र असेल तर त्याची सनद फुकट द्या कीं! सनद विकायची बाजारभावानें आणि ती घेऊन आलेल्या पोराला राबवायचें सेवाभावानें, हा कोणता न्याय?

ही सनद विकली जाते हें आमचें म्हणणें नव्हे. महाराष्ट्रांतल्या डी. एड. कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यांतून २०११ सालीं न्यायमूर्ति वर्मा यांचा आयोग बसला. २०१२ त त्याचा अहवाल आला. पुढें २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत खुद्द केंद्र सरकारनेंच त्या आयोगाचा हवाला देऊन लिहिलें कीं देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्वतंत्र अध्यापक-संस्थांपैकीं बहुतेक शिक्षक घडविण्याचा खरा प्रयत्नही करीत नाहींत, त्या पैसे घेऊन पदव्या विकतात. सरकारच्या घरचाच हा दाखला आहे! मग विकणाऱ्यांस शिक्षा काय झाली? दुकानें कित्येक बंद पडलीं, पण गिऱ्हाईक कमी झालें म्हणून. पोलीस आले म्हणून नव्हे. त्या काळीं डी. एड. साठीं ज्या बापांनीं वावर विकलें त्यांचें वावर कोणी परत दिलें नाहीं.

आणि गंमत पहा, नियम बदलला कीं त्याचा भुर्दंड दरवेळीं पोरांनींच भरायचा. बी. एड. एक वर्षाचें होतें, तें २०१५ पासून दोन वर्षांचें झालें. खर्च दुप्पट, पगार तोच. २०१८ सालीं दिल्लीच्या परिषदेनें सांगितलें कीं बी. एड. वाल्यांसही पहिली ते पांचवीला शिकवितां येईल. झालें, पोरें तिकडे धांवलीं. ११ ऑगस्ट २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती अधिसूचना रद्द केली. लहान मुलांस शिकविण्याची विद्या निराळी, तिच्यासाठीं डी. एल. एड. च पाहिजे. न्याय बरोबरच झाला असें आम्ही म्हणतों. पण मधल्या पांच वर्षांत ज्यांनीं त्या अधिसूचनेवर विसंबून फी भरली त्यांची फी कोणत्या न्यायालयानें परत केली? १ सप्टेंबर २०२५ ला आणखी एक निकाल आला: ज्यांच्या नोकरीचीं पांच वर्षांहून अधिक वर्षें उरलीं आहेत अशा नोकरींतल्या शिक्षकांनीं सुद्धां दोन वर्षांत पात्रता परीक्षा पास झाली पाहिजे. आणि २०३० पर्यंत चार वर्षांची एकत्रित बी. एड. हीच किमान पदवी करावयाचें नव्या धोरणांत लिहून ठेवलें आहे. तेव्हां आज जी सनद घ्याल ती उद्यां कोणत्या इयत्तेला चालेल हें प्रवेशाच्या आधीं विचारावें. पहिली ते पांचवीची आशा धरून बी. एड. ला घालणें म्हणजे भाताच्या खाचरांत हरभरा पेरणें होय.

आडमार्गाचीही गोष्ट सांगतों, कारण आडमार्ग दाखविणारे पुष्कळ आहेत. "परीक्षेंत पास करून देतों, एवढे लाख लागतील." २०१९ च्या पात्रता परीक्षेंत असा बाजार झाला, २०२१ च्या डिसेंबरांत तो उघडकीस आला, परीक्षा घेणाऱ्या परिषदेचा आयुक्तच पकडला गेला, आणि पुढें साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कायमची बंदी आली. २०२५ सालीं नागपूर विभागांत बनावट शालार्थ क्रमांकांवर पगार काढल्याचें प्रकरण निघालें. पैसे घेणारे वकील लावतात. पैसे देणाऱ्या शेतकऱ्याजवळ ना जमीन राहते, ना नोकरी, ना तक्रार करायला तोंड!

आतां दुसऱ्या बाजूनेंही आमच्यावर कोरडा येईल हें आम्ही जाणून आहों. कोणी म्हणेल, "तुम्ही बहुजनांच्या वृत्तपत्रांत बसून बहुजनांच्या पोरांस मास्तर होऊं नका म्हणून सांगतां! मग शाळा पुन्हां कोणाच्या ताब्यांत द्यावयाच्या?" हा आक्षेप आम्हांस मनापासून लागतो, कारण तो खरा आहे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं हेंच मागितलें होतें कीं खेड्यांतल्या शाळेंत नांगराचा रुमणा आणि सुताराचा वाकस हातीं धरतां येणारा, शेतकऱ्यांच्याच वर्गांतला, तयार केलेला मास्तर पाहिजे. पण लोक अर्धेंच सांगतात. त्याच निवेदनांत जोतीरावांनीं पगारही मागितला होता: मास्तरास बारा रुपयांहून कमी देऊं नये, मोठ्या गांवीं पंधरा ते वीस द्यावे. चांगला मास्तर आणि पुरेसा पगार हीं दोन्ही त्यांनीं एकाच दमांत मागितलीं, कारण एकावांचून दुसरें उभें राहत नाहीं हें त्या व्यवहारी माणसास ठाऊक होतें. आणि तेव्हांच्या सरकारी ट्रेनिंग कॉलेजांतल्या उमेदवारांस शिकत असतां छात्रवेतन मिळे. परकी सरकार होतें, तें मास्तर घडवायला पैसे देई; आपलें सरकार आलें, तें मास्तर घडतांना पैसे घेऊं देतें! १९३५ सालीं भाऊराव पाटलांनीं साताऱ्यास रयतेच्या पोरांसाठीं ट्रेनिंग कॉलेज काढलें. कमवा व शिका हा त्यांचा मंत्र. पोरानें कुदळ मारावी, पण बापाचें शेत गहाण पडूं नये.

तेव्हां आम्ही पोरांस मास्तर होऊं नका म्हणत नाहीं. आम्ही म्हणतों, गहाण पडून होऊं नका. फरक लहान नाहीं.

मामांस आम्ही जें सांगितलें तें असें. पहिली गोष्ट, तो चाळीस हजारांचा आंकडा खोडावा. बिनपावतीचे पैसे घेणें हा १९८७ सालच्या कॅपिटेशन फीविरोधी कायद्याप्रमाणें या राज्यांत गुन्हा आहे. कोणत्या कॉलेजची फी किती हें शुल्क नियामक प्राधिकरण ठरवितें आणि तें कॉलेजवार जाहीर असतें. त्याहून एक रुपया जास्त मागितला तर लिहून मागा म्हणावें. लिहून मागितल्यावर पुष्कळांचा आवाज बसतो. दुसरें, प्रवेश सरकारी प्रवेश परीक्षा देऊन आणि सरकारी यादींतूनच घ्यावा, व्यवस्थापनाच्या कोट्यांतून घेऊं नये. कारण कोट्यांतल्या जागेला सरकारची फीमाफी लागत नाहीं, आणि दलाल नेमका तोच कोटा विकतो. २०२४ पासून इतर मागास, आर्थिक दुर्बल व सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतल्या, घरचें उत्पन्न आठ लाखांच्या आंत असलेल्या मुलींस सरकारी यादींतून व्यावसायिक शिक्षणाला प्रवेश मिळाल्यास पूर्ण फीमाफी आहे. लोहारमामांची मुलगी इतर मागास वर्गांतली. म्हणजे ज्या ५५,००० साठीं मामा कर्ज काढणार होते ते बहुतांशीं सरकारनें भरावयाचे होते, आणि हें त्या दलालाला ठाऊक नव्हतें असें आम्ही मानायला तयार नाहीं! खुल्या वर्गांतल्या गरीब मुलांस राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाच्या शिष्यवृत्तींतून निम्मी फी मिळते. अनुसूचित जाति-जमातींच्या योजना निराळ्या आहेत. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मे महिन्यांतच काढून ठेवावा; ऐन वेळीं तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवीत बसलें कीं दलालाचें फावतें. मूळ प्रमाणपत्रें कोणाच्याही हातीं ठेवूं नयेत, छायाप्रति द्याव्या.

कर्ज काढावेंच लागलें तर बँकेचें काढावें, आणि चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला जमीन तारण लागत नाहीं हें लक्षांत ठेवावें. दोन लाखांसाठीं सातबारा मागणारा एक तर अडाणी आहे किंवा लबाड आहे. किती काढावें? सरकारी पगार धरून हिशेब करूं नका. खाजगी शाळेच्या नऊ-दहा हजारांवर करा. त्यांतला चौथा हिस्सा, म्हणजे फार तर अडीच हजार, हप्त्यांत गेला तर पोर जगेल. वरच्याच व्याजानें आणि मुदतीनें हिशेब उलटा केला तर एवढ्या हप्त्यांत लाख, फार तर लाख-पंधरा हजार कर्ज फिटतें. त्यावर जाणारा प्रवेश आमच्या मतें सोडून द्यावा, मग कॉलेजची इमारत कितीही उंच असो. लहान मुलांत रमणारें पोर असेल तर बारावीनंतरचें डी. एल. एड. सरकारी अध्यापक विद्यालयांत पहावें, तेथें फी थोडी. विषय निवडतांनाही बाजार पहावा. इतिहास-मराठीच्या रांगेपेक्षां गणित-विज्ञानाची रांग आंखूड असते. इतिहास-मराठीचे आम्ही वैरी नव्हे, पण रांग ती रांग.

सरकारपाशीं आमचें मागणें थोडें आहे. शिक्षक घडविण्याचा खर्च सरकारनें करावा आणि शिकणाऱ्यास छात्रवेतन द्यावें. तें होत नाहीं तोंवर निदान शिक्षणसेवकाच्या तीन वर्षांची उपासमार बंद करून पहिल्या दिवसापासून पुरा पगार द्यावा. आणि हेंही होत नसेल, तर प्रत्येक अध्यापक-कॉलेजच्या दारावर, फीच्या पाटीशेजारीं, तेथून गेल्या पांच वर्षांत किती निघाले, किती पात्रता परीक्षा पास झाले आणि किती पगारावर लागले हे तीन आंकडे रंगवायची सक्ती करावी. खताच्या पोत्यावर आंत काय आहे तें छापावें लागतें. सनदेवर कां नको? या शेवटच्या मागणीला तर सरकारला रंगापलीकडे खर्चही नाहीं.

मामांनीं तो चारपदरी कागद आमच्याच टेबलावर ठेवला आणि त्याच्या पाठीवर मुलीकडून दाखल्यांची यादी लिहून घेतली. मुलगी यंदा प्रवेश परीक्षेस बसलेली नाहीं. दलालानें "कोट्यांतून होईल, परीक्षा कशाला" म्हणून सांगितलें होतें. तेव्हां वर्ष जाईल. झेरॉक्सच्या दुकानांत बसून ती पुढच्या वर्षाच्या परीक्षेचा अभ्यास करणार आहे, आणि दुकानदार दुपारीं दोन तास मोकळे द्यायला राजी झाला आहे. ऐरणीच्या गिऱ्हाइकाला मामांनीं आमच्या कचेरींतूनच फोन लावून नाहीं म्हणून सांगितलें. तो दोन हजार वाढवून द्यायला तयार होता.